कसाची किंमत

आमच्या घरी कोणतीही मोठी वस्तू दिवाळीच्या मुहूर्तावर घ्यायची असा जुना रिवाज आहे. आणि ती कोणती घ्यायची यावर घरातल्या चार माणसांची पाच मते पडावीत, हा त्याहून जुना रिवाज आहे. पाचवे मत माझे. मी सकाळी एक बोलतो आणि संध्याकाळी दुसरे, असे आमच्या सौ. चे म्हणणे आहे.

गेल्या दिवाळीत वादाचा विषय होता फ्रीज. आमच्या जुन्या फ्रीजने एकोणीस वर्षे इमानेइतबारे चाकरी केली होती. धुळ्याचा उन्हाळा ज्याने सोसला असेल त्यालाच या चाकरीचे मोल कळेल. पण त्या वर्षी मे महिन्यात त्याने कुरकुर सुरू केली, आणि नवरात्रात तो एकदाचा थंड झाला; म्हणजे थंड करायचा बंद झाला. आता नवा घेणे भागच होते.

चिरंजीवांनी मोबाइल पुढे केला. त्यात प्रत्येक फ्रीजखाली चांदण्या उगवलेल्या होत्या. कुणाला चार, कुणाला साडेचार. "हजारो लोकांनी वापरून मत दिलंय, बाबा. आणि फुकट!" असे तो म्हणाला. तेवढ्यात सूनबाई शांतपणे म्हणाली, "मी एका मासिकाची वर्गणी भरलीय. ते जाहिराती घेत नाहीत. वस्तू दुकानातून स्वतः विकत आणतात, तपासतात आणि मग सांगतात."

"किती वर्गणी?" मी विचारले.

"वर्षाला सहाशे रुपये."

मी मोठ्याने हसलो. "म्हणजे काय विकत घ्यायचं ते कळावं म्हणून आधी सल्ला विकत घ्यायचा! आणि तो कळण्यासाठी आणखी एक सल्ला घेतला नाहीस ना?"

ती रागावली नाही. चकलीचे पीठ मळता मळता म्हणाली, "फुकटच्या सल्ल्याचे पैसेही कुणीतरी दिलेलेच असतात, बाबा. आपण नाही दिले, तर विकणाऱ्यानं."

माझे हसू ओठांवरच राहिले. कारण हेच वाक्य मी पूर्वी ऐकले होते. ते अहिराणीत होते, आणि बोलणारे होते माझे वडील.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. म्हणजे 1957-58 चा सुमार. आमचे गाव पारोळ्याच्या बाजूला. नानांना बैलजोडी घ्यायची होती. बैलबाजारात जाताना त्यांनी गावातल्या एका म्हाताऱ्याला बरोबर घेतले. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांचे स्वतःचे शेत कधीच गेले होते. पण बैलाच्या अंगावरून त्यांचा हात फिरला की त्याची कुंडली उघडलीच म्हणून समजा. नाना त्यांना दोन रुपये आणि एक वेळचे जेवण देत. अट एकच होती : बैल घेतला तरी दोन रुपये, न घेतला तरी दोनच.

बाजारात सल्ला देणाऱ्यांना तोटा नव्हता. दलाल होते, हेडे होते, हेड्यांचे सोबती होते. सौदा उपरण्याखाली चाले. वर तोंडे हसत असत आणि खाली बोटे दाबून आकडा ठरत असे. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही त्याचा पत्ता लागत नसे. एक पांढरीशुभ्र जोडी आम्हां सर्वांच्या मनात भरली. शिंगे रंगवलेली, गळ्यात घुंगरांच्या माळा. चारदाती, ऐन उमेदीची. काका तर इसार द्यायला निघाले होते. आबांनी दात पाहिले, खूर पाहिले, जोडी चढावर चालवली, बसवली, पुन्हा उठवली. मग म्हणाले, "डाव्याच्या मागल्या पायात खोट आहे. आज दिसत नाही, नांगराला जुंपला की दिसेल."

आम्ही रिकाम्या हाताने परतलो. आबांना दोन रुपये मिळाले. काका वाटभर कुरकुरत होते : बैल तर नाहीच, वर दोन रुपये गेले! तेव्हा नाना मला म्हणाले, "माल मंग देख, तो कोना पैसा खास, ते पहिले देख." माल मागाहून बघ, सांगणारा कुणाचा पैसा खातो, ते आधी बघ.

ती जोडी पुढे कशी निघाली, ते आम्हांला कधीच कळले नाही. न घेतलेला बैल लंगडला तर तो आपल्याला थोडाच दिसतो? निष्पक्ष सल्ल्याचे पैसे माणसाला जड जातात ते यामुळेच. गेलेले दोन रुपये दिसतात; टळलेले दोनशे कधी दिसत नाहीत.

पण हेच नाना सोन्याच्या बाबतीत मात्र वेगळे वागले. तालुक्याच्या गावचे एक सोनार त्यांचे जिवलग मित्र होते. आखाजीला ते आमच्याकडे जेवायला येत. आम्ही मुले त्यांना सोनारकाका म्हणत असू. मायच्या पाटल्या आणि एकदाणी त्यांनीच घडवली होती. कुणीतरी म्हणाले, "जळगावला सराफाकडे एकदा कस लावून घ्या." नाना संतापले. "बैलाची परीक्षा करतात, घरच्या माणसाची नाही!"

मग 1972 चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, गोठा रिकामा झाला आणि मायच्या पाटल्या निघाल्या. नाना त्या घेऊन जळगावला गेले. जळगावच्या सोन्याचा लौकिक तुम्हांला ठाऊकच आहे. लांबलांबची माणसे तिथे लग्नाची खरेदी करायला येतात. सराफाने पाटल्या कसोटीवर घासल्या, आटवल्या, काट्यात टाकल्या आणि मान हलवली. सोळा आण्यांचे म्हणून घेतलेले सोने बारा आण्यांचे भरले.

नाना त्या रात्री जेवले नाहीत. मित्राला त्यांनी कधी जाब विचारला नाही. फक्त पुढच्या आखाजीला बोलावणे गेले नाही. सोनारकाका एकदा आपण होऊन दारापर्यंत आले, "काय चुकलं माझं?" म्हणाले. नाना म्हणाले, "काही नाही." त्या 'काही नाही'ने पंचवीस वर्षांची मैत्री संपली. मायने एकदाणी फडक्यात बांधली आणि ट्रंकेच्या तळाशी टाकली. "खोटं कशाला अंगाला लावायचं?" एवढेच ती म्हणाली.

हे सारे मला त्या चकलीच्या पिठापाशी आठवले. मग सूनबाईचे ते मासिक मी हातात घेतले. तिने मला त्यामागची परंपराही सांगितली. अमेरिकेत 1936 साली ग्राहकांनीच अशी संस्था काढली. ती दुकानातून गुपचूप वस्तू विकत घेते, तपासते आणि आपल्या मासिकात एकही जाहिरात छापत नाही. इंग्लंडमध्ये तसेच मासिक 1957 साली निघाले. म्हणजे आमचे आबा बैलाचे खूर तपासत होते, जवळजवळ त्याच सुमारास! आपल्याकडे 1966 साली मुंबईत नऊ गृहिणींनी ग्राहक मार्गदर्शक संस्था स्थापन केली आणि पुढे वस्तूंची शास्त्रीय तपासणीही सुरू केली. 1975 साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्याचे वाणसामान घाऊक घ्यायचे, ही तिची रीत. ग्राहक संरक्षण कायदा आला तो त्यानंतर, 1986 मध्ये. त्या चांदण्यांचेही पीक इतके माजले, की 2022 साली भारतीय मानक ब्युरोला ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी स्वतंत्र मानक काढावे लागले.

तरी मी लगेच शरण गेलो नाही. भरताचे वांगे घ्यायला मला कुणाचे मासिक लागत नाही. ते हातात घेतले की कळते. केळी, लुगडे, माठ यांचेही तसेच. ज्या वस्तूचा गुण डोळ्याला दिसतो, बोटाला कळतो, किंवा जी फसली तर चार दिवसांत विसरता येते, तिच्यासाठी पैसे देऊन सल्ला घेणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. पण जी महाग आहे, जिचे पोट उघडून पाहता येत नाही आणि एकदा घरात आली की वर्षानुवर्षे बाहेर जात नाही, तिची गोष्ट निराळी. पन्नास हजारांच्या वस्तूपुढे सहाशे रुपये म्हणजे शेकड्याला सव्वा रुपयाही पडत नाही. आबांचा दर याहून फारसा कमी नव्हता.

आणि हेही खरे, की पैसे दिलेला सल्ला काही वेदवाक्य नव्हे. मासिकाने ज्या फ्रीजला पहिला नंबर दिला होता, त्याबद्दल शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे तोच आहे. आपल्या गल्लीत संध्याकाळी वीज कमी दाबानं येते ना, तेव्हा तो रुसून बसतो." पंचेचाळीस अंशांचा मे महिना आणि आमच्या गल्लीची वीज प्रयोगशाळेला काय ठाऊक? शेवटी दुसऱ्या नंबरचा घेतला. मासिकाने खोट दाखवली, वहिनींनी गल्ली दाखवली. वहिनींना आम्ही फक्त फराळाचे ताट दिले. पण फ्रीज विकणाऱ्याने त्यांना काही दिले नव्हते, हे महत्त्वाचे.

फ्रीज आला, पण माझ्या मनातून ती एकदाणी जाईना. सोन्याच्या दागिन्यांवर शुद्धतेचा शिक्का मारण्याची सरकारमान्य पद्धत आपल्याकडे 2000 साली सुरू झाली. 23 जून 2021 पासून ती 256 जिल्ह्यांत सक्तीची झाली, आणि 1 एप्रिल 2023 पासून तर सहा अंक-अक्षरांची खूण असल्याशिवाय सराफाला असा दागिना विकता येत नाही. घरातला जुना, बिनशिक्क्याचा दागिनाही अशा केंद्रात तपासून मिळतो. ही बातमी मी वर्तमानपत्रात वाचली होती. धैर्य मात्र होत नव्हते.

वसुबारसेला सूनबाईला घेऊन मी जळगावची गाडी धरली. वाटेत पारोळा आले, एरंडोल आले. फडके माझ्या खिशात होते. केंद्रातल्या मुलाने एकदाणी यंत्राखाली ठेवली. ना घासणे, ना आटवणे. क्ष-किरणांनीच काम होते. दोनशे रुपये आणि वर कर. थोड्या वेळाने त्याने कागद हातात ठेवला.

एकदाणीतले सोने हजारात नऊशे अठरा भाग होते. म्हणजे उत्तम बावीस कॅरेट.

मी तो कागद दोनदा वाचला. ही तीच एकदाणी. त्याच सोनारकाकांच्या हातची, पाटल्यांच्याच वर्षी घडवलेली. मग पाटल्यांत काय झाले? आत लाख भरलेली होती? डाक जास्त पडला होता? की खरोखरच फसवले होते? आता ते कुणालाच कळायचे नाही. पाटल्या आटल्या, आणि नाना, माय, सोनारकाका तिघेही गेले. एवढे मात्र कळले, की नानांनी आधी कस न लावता विश्वास ठेवला आणि नंतर कस न लावता तो मोडला. परीक्षा म्हणजे मित्राचा अपमान, असे त्यांना वाटले. खरे तर परीक्षेने मित्राला साक्षीदार मिळाला असता.

परतीच्या वाटेवर सूनबाई काही बोलली नाही. पाडव्याला तिने एकदाणी घातली. मी तिला ओवाळणी म्हणून त्या मासिकाची पुढच्या वर्षाची वर्गणी दिली. "आता हसत नाही ना?" तिने विचारले. मी म्हणालो, "हसतो. पण वाचून हसतो."

सोनारकाकांचा नातू अजून तालुक्याच्या गावी दुकान चालवतो, असे कानावर आहे. या भाऊबीजेनंतर फराळाचा डबा घेऊन त्याच्याकडे जावे म्हणतो. तो केंद्रातला कागदही बरोबर नेईन. काय बोलायचे, ते अजून सुचलेले नाही.