दातांचा हिशेब

मुलांनो, नागपूरला आलात तर एकदा सकाळी अकराच्या सुमाराला गांधीबागेत या. नावात बाग आहे, आणि झाडंबिडं असलेली खरीखुरी बागही इथे आहे. पण इथे येणाऱ्या दहांतले नऊ जण बागेत जात नाहीत, कापडबाजारात जातात. दुकानदार थान फर्रकन उलगडतो, मीटरपट्टी लावतो, कात्री चालवतो. बोळांमधून हमाल, हातगाड्या, स्कूटर आणि सायकली एकमेकींना चुकवत जात असतात. आज मला सांगायचंय ते यातल्या सायकलीबद्दल.

माझे बाबा याच बाजारात एका दुकानात नोकरीला होते. आमचं घर पार दुसऱ्या टोकाला, सेमिनरी हिल्सच्या पलीकडे. येणं-जाणं सायकलवर. कॅरिअरला कापडाचा गठ्ठा बांधलेला असायचा, कारण आई घरी शिवणकाम करायची. मी आठवीत असताना एका सुट्टीच्या दिवशी बाबा म्हणाले, "चल, आज तू चालव, मी मागे बसतो." मी तर हवेतच! सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर झोकात निघालो. अग्रसेन चौक गेला, मेयो हॉस्पिटल गेलं. मग रेल्वेवरचा पूल आला. तेव्हा आजचा तारांनी तोललेला रामझुला नव्हता, जुना पूल होता. निम्म्या चढावर माझे पाय थांबले. उभं राहून पायडल मारलं तर हँडल डावी-उजवीकडे डुलायला लागलं आणि आम्ही दोघं गठ्ठ्यासकट रस्त्यावर! मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून बरं. गुडघा फुटला त्याचं काही वाटलं नाही. पण बाबा उठले, काही न बोलता कपडे झटकले आणि सायकल हातात धरून चालायला लागले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते रोजच हा चढ चालत चढतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजाराच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. मी म्हटलं, "काका, गिअरवाली सायकल केवढ्याला पडते?" काका हसले. "काहून बाप्पा, पैसे जास्त झाले काय? आधी दाते मोज."

दाते म्हणजे सायकलचे, बरं का! पायडलपाशी एक मोठं दातेरी चक्र असतं, त्याला चेनव्हील म्हणतात. मागच्या चाकापाशी छोटं असतं, ते फ्रीव्हील. दोघांना जोडते चेन. आमच्या सायकलला पुढे 44 दाते होते, मागे 18. म्हणजे पायडलची एक फेरी झाली की मागचं चाक 44 भागिले 18, म्हणजे जवळजवळ अडीच वेळा फिरणार. आपल्या साध्या 28 इंची सायकलचं चाक एका फेरीत साधारण 2.2 मीटर पुढे जातं. तेव्हा पायडलच्या एका फेरीत सायकल जाते 5.4 मीटर.

आता गांधीबागेतला तो कापडवाला आठवा. प्रत्येक फेरीला तुम्ही थानातून 5.4 मीटर रस्ता ओढताय. सपाटीवर हे फार छान. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्यात तर तासाला 19 किलोमीटरच्या वर वेग मिळतो. पण चढावर तेवढाच रस्ता ओढायचा म्हणजे तेवढ्या लांबीत जितका चढ असेल तितकं स्वतःला, सायकलला आणि गठ्ठ्यालाही वर उचलायचं, आणि तेही एकाच फेरीत! वेग तासाला 6 किलोमीटरवर आला की पायडलच्या फेऱ्या मिनिटाला जेमतेम 18-19 होतात. प्रत्येक फेरीत सगळा भार गुडघ्यांवर येतो. अशा वेळी सायकल डुलते, आणि मग माझ्यासारखे आपटतात.

काकांनी उपाय सांगितला तो अगदी स्वस्त. 18 दात्यांचं फ्रीव्हील काढलं आणि 22 दात्यांचं बसवलं. चेन थोडी कमी पडत होती म्हणून दोन कड्या वाढवल्या. आता 44 भागिले 22, म्हणजे बरोबर 2. एका फेरीत 4.4 मीटर. पायाला लागणारा जोर जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी!

इथे तुमच्यातला एखादा हुशार विचारेल, मग उरलेलं काम कोण करतं? कुणीच नाही. चढ तेवढाच, वजन तेवढंच, काम तेवढंच. फक्त एकरकमी द्यायचं ते आता हप्त्यांनी द्यायचं. फेऱ्या जास्त, प्रत्येक फेरीचा जोर कमी. हप्त्यांचा तोटाही असतोच. पाय त्याच गतीने फिरवले तर सपाटीवरच्या 25 मिनिटांच्या रस्त्याला आता तीस मिनिटं लागणार. बाबांना घाई असली की ते काकांच्या नावाने कुरकुरायचे. पण पुलावर उतरणं मात्र बंद झालं.

घाई आणि चढ, दोन्हींची सोय हवी असेल तर गिअरची सायकल. तिच्यात अनेक चक्रं असतात आणि चेन एकीवरून दुसरीवर उडी मारते. पूर्वी मोठमोठ्या शर्यतपटूंनाही ही चैन नव्हती. फ्रान्समधल्या सुप्रसिद्ध 'टूर द फ्रान्स' शर्यतीत चेन सरकवणाऱ्या यंत्राला परवानगी मिळाली ती 1937 साली. त्याआधी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रं लावत. घाट आला की गडी खाली उतरायचा, चाक काढून उलटं बसवायचा आणि पुन्हा निघायचा!

दुकानात गेलात की मोठ्या अक्षरात दिसेल, '21 गिअर'. या आकड्याला भुलू नका. समजा पुढे 42, 34 आणि 24 दात्यांची तीन चक्रं आहेत, आणि मागे 14 पासून 28 पर्यंत सात. आता भागाकार करा. 42 भागिले 24 म्हणजे 1.75. 34 भागिले 20 म्हणजे 1.7. 24 भागिले 14 म्हणजे 1.71. तीन गिअर, पण पायाला तिन्ही जवळपास सारखेच! चढासाठी एकच प्रश्न विचारायचा : पुढचं सगळ्यात छोटं आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र किती दात्यांचं? 24 आणि 28 असतील तर 26 इंची चाकाची सायकल एका फेरीत पावणेदोन मीटरच जाते. तासाला 6 किलोमीटरच्या वेगातही मिनिटाला 55-56 फेऱ्या होतात. गुडघे खूश.

पण काय हो, गांधीबाग ते शाळा एवढंच जायचं असेल तर खरंच गिअर हवेत का? मला विचाराल तर नकोत. नागपूर बरंचसं सपाट आहे. झिरो माईलच्या दगडापाशी समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे 311 मीटर आहे, आणि तिथून विधानभवनापर्यंत जाताना दम लागत नाही. रामझुला आणि सेमिनरी हिल्सचा चढ एवढंच काय ते संकट. त्याला 22 चं फ्रीव्हील पुरतं. आईबाबांनी हे वाक्य अधोरेखित करून ठेवायला हरकत नाही! परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढायचं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. चिखलदरा आहे 1100 मीटरच्या आसपास. तिथे छोटा गिअर नसेल तर अर्धा घाट सायकललाच फिरवून आणाल. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. वाटेत वाळवंट आणि रॉकी पर्वत! एवढ्या वाटेवर एकच गिअर घेऊन कोण निघेल?

गिअर बदलायचा तो चढ सुरू व्हायच्या आधी. चढावर जोर लावलेला असताना बदलाल तर चेन कडकड करते, कधी निसटते. बदलताना पाय फिरत राहू द्या, पण हलके. पुढचं मोठं आणि मागचंही मोठं अशी जोडी लावू नका, चेन तिरकी ताणली जाते.

आणि हो, आता उठून आपल्या सायकलचे दाते मोजा. एका दात्याला खडूची खूण करा, म्हणजे कुठून सुरुवात केली ते विसरणार नाही. सायकल स्टँडवर नीट उभी करा, एकट्यानेच मोजा. चेनपाशी बोट असताना धाकट्या भावाला पायडलला हात लावू देऊ नका. माझ्या भावाने लावला होता. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख अजून वाकडंच येतं.