डीफ्रॅग आणि बाबांचे फोटो

परवा शनिवारी सांगलीला घरी गेलो. घरातल्या जुन्या हार्ड डिस्क जोडून एक छोटा स्टोरेज नोड करायचा बेत होता. त्यातली एक फारच रडतखडत चालत होती. म्हटलं फाइलींचे तुकडे विखुरले असतील, डीफ्रॅग लावू. १२ टक्क्यांवर टक् टक् आवाज... झालं! थांबवलं आणि स्मार्ट रिपोर्ट उघडला. खराब सेक्टर वाढत होते. हे आधी बघायचं असतं, आणि म्हणे इंजिनिअर!

डीफ्रॅग म्हणजे तुकडे उचलून सलग मांडणं, म्हणजे डेटा पुन्हा वाचणं-लिहिणं. शेवटच्या घटका मोजणाऱ्या डिस्कला हा व्यायाम कशाला? (एसएसडीला तर त्याची गरजच नसते.)

आई म्हणाली, "अरे, बाबांचे फोटो त्यातच आहेत ना?" २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांपर्यंत गेलं, तेव्हा अल्बमचा लगदा झाला. सीपीयू माळ्यावर चढवला होता म्हणून एवढं तरी उरलं. बाबा त्याच्या दोन वर्षं आधीच गेले.

मग रात्रभर डीडीरेस्क्यू. ते चांगला भाग आधी उचलतं, खराब जागा नंतरसाठी ठेवतं. आई दर तासाला, "आलं का रे?"

पहाटे ९९ टक्के आलं. उरलेल्या एका टक्क्यात काय गेलं, ते अजून बघितलेलं नाही.