चित्रं कोल्हापुरातच राहू देत

लहान शहरांतल्या सरकारी कलादालनांबद्दल माझं मत बरीच वर्षं ठाम होतं आणि ते मी चारचौघांत मांडतही असे: तिथली उत्तम चित्रं मुंबईला हलवावीत. तिथे हवा कोरडी ठेवणारी यंत्रणा असते, जाणकार असतात, देशभरातून येणारे प्रेक्षक असतात. या म्हणण्यात आजही तथ्य आहे. दमट हवेत कागदावरचं चित्र टिकत नाही; गावाच्या अभिमानाने त्यात काही फरक पडत नाही.

मत बदललं ते कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात. मांडरे म्हटलं की आपल्याला १९५२ च्या ‘छत्रपती शिवाजी’ चित्रपटातले महाराज आठवतात. पण बाबूराव पेंटरांच्या तालमीत तयार झालेले मांडरे आयुष्यभर निसर्गचित्रं करत राहिले आणि शेवटी राहतं घरच चित्रांसकट शासनाला देऊन मोकळे झाले. त्यांचं आवडतं माध्यम पावडर शेडिंग. कोरडी रंगपूड कागदावर घासत, जिरवत नेलेली. अगदी जवळ जाऊन पाहावं तर झाडाला बाह्यरेषा नाहीच. पानांचा पुंजका कुठे संपला आणि आभाळ कुठे सुरू झालं, ते बोट ठेवून सांगता येत नाही.

मी हे तंत्र न्याहाळत होतो, तेवढ्यात शेजारी एक आजोबा नातीला म्हणाले, “पन्हाळ्याकडं जाताना अस्संच दिसायचं बघ. आता समदी घरं झाल्यात.” नातीने विचारलं, “मग झाडं कुठं गेली?” आजोबा बराच वेळ त्या चित्रासमोरच उभे राहिले. हा प्रश्न मुंबईच्या दालनात कुणी विचारला नसता, मीही नाही. तिथे ते चित्र एक चांगलं निसर्गचित्र ठरलं असतं. इथे ते साक्षीला उभं होतं.

मग अबालाल रहिमान आठवले. जे. जे. मध्ये शिकून ते कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले आणि १९३१ मध्ये जाईपर्यंत कोटीतीर्थ, रंकाळा हाच परिसर रंगवत राहिले. त्यांची चित्रं टाऊन हॉलच्या संग्रहालयात पाहावीत आणि तिथून सरळ रंकाळ्यावर जावं. पाणी चढलं की बुडणारा संध्यामठ आजही तिथे उभा आहे. चित्र आणि जागा एकाच दिवसात ताडून पाहता येतात, ही सोय जगातल्या कुठल्याही मोठ्या संग्रहालयाला देता येणार नाही.

तेव्हा यंत्रणा इकडे आणावी, चित्रं तिकडे नेऊ नयेत. आणि कोल्हापूरच्या चित्रकलेच्या शिक्षकांना एक विनंती: एखाद्या शनिवारी सगळा वर्ग राजारामपुरीत घेऊन जा.