सूनबाईचा सकाळचा चहा

आमच्या घरीं सकाळीं ६ वाजतां चहा होतो; सूनबाई मात्र ७ वाजेपर्यंत त्यास शिवत नाहीं. हें कांहीं व्रत नव्हे, औषधाचें पथ्य आहे. त्याची हकीकत आमच्याच अपराधाची असल्यामुळें ती लिहितांना लेखणी जरा अडखळते.

चिरंजीवांचा विवाह २०१२ सालीं झाला. चार वर्षें गेलीं तरी घरांत पाळणा हलेना. सूनबाई भर दुपारीं निजे, वैशाखांतही शाल पांघरी; केंस पुंजक्यांनीं गळत, अंग स्थूल होत चाललें होतें. पाळी दीडदोन महिन्यांनीं येई, आणि आली म्हणजे आठआठ दिवस थांबत नसे, हें घरांतल्या बायकांस ठाऊक होतें. झोंप तेवढी आम्हांस दिसे. हीं सारीं पदें एकत्र आणून त्यांचा अन्वय लावावा, असें कोणासच सुचलें नाहीं. जन्मभर मुलांकडून अन्वय करवून घेतलेल्या आम्हांसही नाहीं! उलट एकदां तिच्या देखत आम्हीं आळसाच्या निंदेचा एक श्लोक म्हणून दाखविला. ती कांहीं न बोलतां आंत गेली. त्र्यंबकेश्वरीं नारायण-नागबळी झाला, सोळा सोमवार झाले. चिरंजीवांचीही तपासणी करावी, हें मात्र कोणीं तोंडांतून काढलें नाहीं.

२०१६ सालीं आवाज घोगरा झाला म्हणून ती एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनीं गळा चांचपला, पाळीची चौकशी केली आणि रक्त तपासविलें. त्यांत 'टीएसएच' ४६ निघालें. तें साधारणपणें ४ ते ४.५ च्या आंत असावें लागतें.

कंठमण्याखालीं श्वासनलिकेवर फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथि असते, तीच थायरॉईड. मराठींत तिला 'अवटु ग्रंथि' म्हणतात. (अमरकोशांत अवटु म्हणजे मानेची मागची बाजू, ग्रंथि तर पुढें आहे! असो.) अन्नांतील आयोडीन घेऊन ती जो रस रक्तांत सोडते, त्यावर शरीराच्या साऱ्या व्यापारांची गति अवलंबून असते. रस कमी पडला कीं मेंदूच्या तळाशीं असलेली पिट्यूटरी ग्रंथि, मंद विद्यार्थ्यावर मास्तरांनीं आवाज चढवावा तशी, टीएसएच वाढवीत जाते. विपरीत असें, कीं मेंदूच्या ज्या संदेशानें ती चेतते, त्याच संदेशानें 'प्रोलॅक्टिन' नांवाचा दुसरा रसही पुष्कळदां वाढतो. हा दूध आणणारा रस. अंगावर पाजणाऱ्या आईचें बीज तो कांहीं काळ रोखून धरतो. येथें पदराखालीं मूल नाहीं, आणि बीज मात्र अडलेलें! शिवाय थायरॉईडच्या उणिवेनें बीजकोशाचें कामही मंदावतें, आणि गर्भ राहिलाच तर तो पडण्याचें भय वाढतें.

सूनबाईच्या बाबतींत शरीराची रक्षक सेनाच या ग्रंथीवर उलटली होती. हा विकार १९१२ सालीं हाशिमोतो या जपानी डॉक्टरानें वर्णिला. आयोडीनयुक्त मीठ घरांत असूनही तो होतो. अपत्य नसण्याचें कारण सर्वत्र हेंच असतें असें नव्हे. पण असल्यास रक्ताच्या एका साध्या तपासणीनें कळतें.

थायरॉक्सिनची गोळी अनशापोटीं पाण्याबरोबर घ्यावयाची, चहा त्यानंतर अर्ध्या-एक तासानें. लोहाची व कॅल्शियमची गोळी ४ तास दूर. पांच महिन्यांत आंकडा उतरला, पाळी मार्गावर आली. २०१८ सालीं नात झाली. दिवस राहिल्याचें कळतांच डॉक्टरीणबाईंनीं गोळीची मात्रा वाढविली होती. कारण आरंभीचे कांहीं महिने गर्भ आईच्याच रसावर विसंबून असतो.

तेव्हांपासून आम्हांस थोरल्या वहिनी वारंवार आठवतात. त्या १९८९ सालीं वारल्या. सुजकट चेहरा, जाड आवाज, सदा गार हात. मूल नव्हतें, म्हणून घरच्या डोहाळजेवणांत त्यांना ओटी भरूं देत नसत. त्या स्वयंपाकघरांत पुरणपोळ्या लाटीत बसत. मेंढीच्या ग्रंथीचा अर्क इंग्लंडांत १८९१ सालींच या रोगावर दिला गेला होता, आणि थायरॉक्सिन १९१४ सालीं अमेरिकेंत केंडॉल यांनीं वेगळें काढलें. म्हणजे औषध वहिनींच्या जन्मापूर्वींचें! त्यांना हाच विकार होता कीं नाहीं, हें आतां कोण सांगणार? माजघरांतील तसबिरींत त्यांचा गळा पुढें आल्यासारखा दिसतो, असें सूनबाई म्हणते. आम्हीं चष्मा पुसून दोनदां पाहिलें. पदर गळ्यापर्यंत ओढलेला आहे.