लोणारचा दैत्यसूदन

मेहकराहून लोणारास जाणारा प्रवासी बहुधा सरोवराच्या ओढीनें जातो. आम्हीही तसेच गेलों. परंतु ऊन चढल्यामुळें दैत्यसूदनाच्या देवळांत टेकलों, आणि दुपार तेथेंच सरली. लवणासुराचा वध करणाऱ्या विष्णूचें हें देऊळ काळ्या पाषाणाचें व तारकाकृति आहे. सलग सरळ भिंत अशी नाहींच, कोनामागून कोन.

आमचे सोबती स्थापत्याचे जाणते. छतावरील कोरीव काम सोडून ते एका सांध्यांतील केसाएवढी फट निरखीत होते.

“ही जुनी कीं वाढती?” मीं विचारलें.

“नुसत्या डोळ्यांनीं कसें सांगावें?”

पूर्वीं अशा फटीवर कांचेची पट्टी बसवीत. ती तडकली कीं हालचाल आहे असें समजत. ओळंबाही लावीत, पण इतक्या कोनांस किती ओळंबे लावणार! आतां लेसर किरण फिरवून, दगडास हात न लावतां, लक्षावधि बिंदूंचीं अंतरें घेतात. सेकंदाच्या अब्जांशांत प्रकाश सुमारें ३० सेंटिमीटर जातो. त्याच्या परतण्याच्या वेळेवरून अंतर निघतें. मात्र एका मोजणीनें भिंत कललेली आहे एवढेंच कळतें. ती अजून कलते आहे काय, हें कांहीं वर्षांनीं त्याच स्थिर खुणांवरून पुन्हां मोजल्यावांचून कळत नाहीं. आणि आढळलेला फरक यंत्राच्या चुकीहून लहान असेल, तर त्यावर भरंवसा ठेवतां येत नाहीं.

“त्यापेक्षां फट सिमेंटानें बुजवून टाकावी,” मी म्हणालों.

ते जरा रागावलेच. “दगड स्वस्थ असेल तर उगाच कोरीव काम विद्रूप होईल, आणि हलत असेल तर सिमेंट त्यास थोपविणार आहे थोडेंच?”

ऊन उतरल्यावर आम्ही सरोवराकडे निघालों. ते मात्र वहींत त्या सांध्याची आकृति काढून खालीं तारीख घालीत मागें राहिले.