सईदांच्या घरातली भावंडं

पॅलेस्टाईनची बातमी आमच्या डेस्कवर आकड्यांत येते. इतके ठार, इतके विस्थापित. वीस वर्षं या धंद्यात आहे, आकडा चौकटीत बसवणं हाताला सवयीचं झालंय. पण 'विस्थापित' टाईप करताना हल्ली एक घर आठवतं. 'ओरिएंटॅलिझम'वाल्या एडवर्ड सईद यांचं.

एडवर्ड आणि चार बहिणी. त्याचा जन्म १९३५चा, जेरुसलेमच्या तालबिया भागातला. वडिलांचा स्टेशनरीचा धंदा कैरोत, म्हणून भावंडं वाढली तिकडे. जेरुसलेमला येणंजाणं असायचं. १९४८ नंतर तेही संपलं. घर खाऊनपिऊन सुखी होतं, तंबूत राहायची वेळ आली नाही, हे मान्य. नबीहा आत्या मात्र कैरोतल्या निर्वासितांच्या औषधपाण्यासाठी, पोरांच्या शाळेसाठी वणवण करायची. आणि आईवडील? त्या विषयावर फारसं बोलायचेच नाहीत.

१९५१ला एडवर्डला एकट्याला अमेरिकेतल्या बोर्डिंगात धाडलं. पुढे तिथलाच झाला, पण आठवणींच्या पुस्तकाला नाव दिलं 'आउट ऑफ प्लेस'. धाकटी बहीण जीन १९७२ला बैरुतला राहायला आली. १९७५ला यादवी पेटली तरी हलली नाही. १९८२चा वेढाही तिथेच काढला. पोरं वाढवली, कॉलेजात शिकवलं. एकदा घर सुटलं, आता दुसरं सोडायचं नाही, असंच तिचं असावं, असं मला वाटतं.

सईदांना आपल्याकडे सेमिनारात सगळे कोट करतात. जीनचं नाव किती जणांनी ऐकलंय? 'टेटा, मदर अँड मी' हे तिचं पुस्तक. टेटा म्हणजे आजी.

आमचा वाडा विकला त्याला बरीच वर्षं झाली. झोपाळा ओसरीच्या कुठल्या बाजूला होता, यावरून ताई आणि मी अजून भांडतो. पण आम्ही सह्या केल्या होत्या, पैसे घेतले होते. सईद १९९२ला बायकापोरांना घेऊन तालबियातल्या त्या घरापर्यंत गेले. बाहेरूनच दाखवलं. आत काही पाऊल टाकवलं नाही.

आणि या पाचांची आई, हिल्दा. नवरा अमेरिकी नागरिक. तिला तो पासपोर्ट हवा तर दोन वर्षं अमेरिकेत राहा, अशी अट. ती नाही म्हणाली. म्हातारपणी कॅन्सर झाला, वॉशिंग्टनकडे लेकीजवळ राहिली. ती शेवटच्या घटका मोजत असताना तिला देशाबाहेर काढण्याची केस सुरू होती. न्यायाधीशांनी ती फेटाळली.