अंगदुखीची गोळी आणि आपली मूत्रपिंडं

फेब्रुवारी-मार्चमध्ये वळसंगच्या शिवारात ज्वारीची काढणी सुरू झाली, की कंबर-गुडघे धरून दवाखान्यात येणाऱ्यांची संख्या वाढते. दिवसभर वाकून काम केल्यावर दुखणारच. पण बहुतेकांनी आधीच चार-पाच दिवस मेडिकलमधून ‘अंगदुखीची गोळी’ आणून घेतलेली असते. मी विचारेपर्यंत तसं सांगतही नाहीत, कारण तिला ते औषध मानतच नाहीत.

ही गोळी बहुधा डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची असते. इजा झालेल्या जागी शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात आणि त्यांच्यामुळे सूज व वेदना वाढतात. ही औषधं त्यांची निर्मिती रोखतात. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं अशी काम करतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

पण हीच रसायनं जठराचं अस्तर आम्लापासून जपतात आणि शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. गोळीला गुडघा आणि मूत्रपिंड यांतला फरक कळत नाही. ‘मग सुई द्या, पोटाला त्रास नको’ असं अनेक जण म्हणतात. सुईतलं औषधही रक्तातून सगळीकडे पोहोचतंच!

आता आपला उन्हाळा आठवा. पारा चाळिशीपार, अंगाला घामाच्या धारा, पिण्याचं पाणी मात्र बांधावरच्या कळशीत. त्यात रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल आणि जोडीला लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर मूत्रपिंडावर तिहेरी ताण येतो. तिथे दुखत काहीच नाही. लघवी कमी होते, पाय सुजतात आणि तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं सापडतं.

म्हणून एवढं पाळा. श्रमाच्या दुखण्याला आधी विश्रांती, शेक आणि दुखऱ्या जागी मलम. सुजलेल्या सांध्याला गोळी खरंच उपयोगी पडते, पण ती डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर, कमीत कमी दिवस घ्या. नावं वेगळी म्हणून दोन गोळ्या एकत्र घेऊ नका. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं आणि व्होवेरानमध्ये डायक्लोफेनॅक. दोन्ही एकाच गटातली. जुलाब-उलट्या, डेंग्यूची शंका किंवा गरोदरपण असेल, तर या गोळ्या स्वतःहून घेऊच नका. शौचाला काळं झालं किंवा लघवी कमी झाली, तर लगेच दवाखाना गाठा.

आणि येताना गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत आणा. निम्मं निदान तिथेच होतं.